मधाचें माप

मूळ वचन: नीतिसूत्रें २५:१६



शलमोन ह्या वचनांत मध खाण्यास मना करीत नाहीं. मध ही देवाचीच देणगी आहे. परंतु ज्याला तो सांपडला त्यानें पुरेल इतकाच खावा, नाहीं तर तो ओकून टाकावा लागेल, असा त्याचा बोध आहे. पदार्थ वाईट नव्हे. माप सुटणें वाईट.

मुंबईतील माझगांव एके काळीं आंब्यांसाठीं प्रसिद्ध होतें. तेथील झाडांस वर्षांतून दोनदां फळ येतें, अशी त्यांची ख्याति होती. लोकांस त्याचें नवल वाटे, कारण गोड फळाची एरव्हीं वर्षभर वाट पाहावी लागे. आज त्याच माझगांवांत आंब्याचें चित्र असलेली बाटली बाराही महिने मिळते. तिच्यांत आंबा थोडा, पाणी व साखर फार. ती बाटली आतां तुमच्या गांवच्या एस. टी. थांब्यावरही आली आहे.

तिचें माप ऐका. पुष्कळ गोड पेयांच्या १०० मिलिलिटरांत सुमारें १० ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरांच्या एका बाटलींत सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेली साखर आहारांतील एकंदर शक्तीच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्शाहून कमी असल्यास अधिक बरें. ह्या हिशेबांत मधही आला. मोठ्या मनुष्याचा विसावा हिस्सा सुमारें सहा चमचे होतो. लहान मुलाचा त्याहून कमी. भाकरीनें पोट भरतें, पण पेयानें भूक भागत नाहीं. मूल जेवावयाचें तें जेवतेंच, आणि जास्त झालेल्या साखरेची अंगांत चरबी होते. दांत किडतात. जो मधुमेह पूर्वीं बहुधा प्रौढांस होई, तो आतां कुमारवयांतही दिसूं लागला आहे.

दानिएल व त्याचे सोबती तरुण असतां बाबेलांत राजाचीं पक्वान्नें त्यांजपुढें आलीं. त्यांनीं दहा दिवस शाकान्न व पाणी मागून घेतलें, आणि त्यांचीं मुखें अधिक सतेज दिसलीं (दानिएल १). आमच्या मुलांपुढें तें ताट कोण मांडतो? राजा नव्हे, मामा, आजी, आणि कधीं कधीं शब्बाथ शाळेचें बक्षीस देणारी आपली मंडळीच. दिवसभर कामावर राबणाऱ्या आईला वाटतें, लेकरास दुसरें कांहीं देतां आलें नाहीं, निदान दहा-वीस रुपयांचें हें तरी देऊं. तिची माया खरी आहे. पण मायेनें दिलेल्या वस्तूचेंही माप असतें.

जें मूल लठ्ठ झालें आहे त्याला हिणवूं नका. त्याचें शरीरही पवित्र आत्म्याचें मंदिर व्हावयाचें आहे (१ करिंथ ६:१९). मंदिर खचलें तर त्याची डागडुजी करितात, त्यावर दगड मारीत नाहींत. त्याजबरोबर सर्व घरानेंच आपलें खाणेंपिणें सुधारावें, आणि त्याला खेळावयास मोकळी जागा द्यावी.

महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं शाळांच्या उपाहारगृहांतून असलीं पेयें दूर करण्याचा आदेश काढला. २०२५ सालीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांस साखरेचें माप दाखविणारे फलक लावण्यास सांगितलें. मग मंडळीनें मागें कां राहावें? उपदेशक बंधूंनो, उपासनेनंतर मुलांस पाणी, ताक किंवा ऋतूचें फळ द्या. नाताळांत करंजी आनंदानें खा. सण सणासारखा असूं द्या, पण रोजचा दिवस सण करूं नका.

आपला प्रभु प्रवासानें थकून याकोबाच्या विहिरीजवळ बसला, तेव्हां त्यानें शोमरोनी स्त्रीजवळ पाणीच मागितलें (योहान ४). तहानेला पाणी पुरें, हें लेंकरांस शिकविण्याची बुद्धि तो आपणांस देवो. आमेन.