आपत्ती हीच पात्रता काय?

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, तिची परीक्षा करून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दारिद्र्य भोगून वर आलेला मनुष्य इतरांस पैशाविषयी चार गोष्टी सांगू लागला, म्हणजे त्याच्या सांगण्याच्या खरेखोटेपणापेक्षा त्याने भोगलेल्या दुःखाकडेच आपले लक्ष अधिक जाते. आणि ज्याने सोसले त्यास कळलेच असले पाहिजे, असे आपण गृहीत धरून चालतो. अर्थनियोजनाच्या, म्हणजे लोकांची मिळकत, बचत व गुंतवणूक यांची पुढील अनेक वर्षांची घडी बसवून देण्याच्या, व्यवसायात या समजुतीस विशेष महत्त्व येते. येथे सल्ला देणारा एक असतो आणि सल्ला चुकल्यास बुडणारा दुसराच असतो. तेव्हा सोसलेली आपत्ती हा परक्याच्या पैशाविषयी बोलण्याचा अधिकार होऊ शकतो काय, या प्रश्नाचा विचार अगत्याचा आहे.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एका प्रसिद्ध चरित्राच्या आधारे केलेला बरा. बेंजामिन ग्रॅहम हा १८९४ साली लंडन येथे जन्मला आणि अगदी लहानपणीच आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला. बापाचा चिनी मातीच्या वस्तूंचा व्यापार होता. परंतु १९०३ साली बाप वारला आणि व्यापार बसला. आईने घरात बिऱ्हाडकरू ठेवून पाहिले, तेही साधले नाही. अखेर तिने उसन्या पैशावर शेअर घेतले, आणि १९०७ सालच्या घबराटीत तेही धुऊन गेले. अशा घरातील हा मुलगा १९१४ साली कोलंबिया विद्यापीठातून इतक्या उत्तम रीतीने बाहेर पडला की, इंग्रजी, गणित व तत्त्वज्ञान या तीनही शाखांत अध्यापनाची जागा त्यास देऊ करण्यात आली. पण घरच्या गरजेमुळे त्याने शेअरबाजाराची वाट धरली.

येथपर्यंतची हकीकत म्हणीस अनुकूल दिसते. परंतु थोडे थांबून पाहावे. जळले ते मुलाच्या आधी आईचे. आणि उसन्या पैशाचा जुगार तिने केला तो वैधव्य व ओढग्रस्ती सोसल्यानंतर, आधी नव्हे. आपत्तीने तिला सावध न करता अधीर केले. हा तिचा दोष म्हणण्यापेक्षा आपत्तीचा स्वभाव म्हणणे न्यायाचे होईल. कारण बुडणाऱ्याचा हात काडीकडे जातो, तेव्हा काडीचे बळ मोजण्यास त्यास उसंत नसते. पुढे १९२९ सालची मंदी कोसळली, तेव्हा खुद्द ग्रॅहमच्या हाती असलेल्या लोकांच्या निधीवरही कर्जाचा बोजा होता, आणि १९३२ पर्यंत त्या निधीचा सुमारे ७० टक्के भाग नाहीसा झाला. लहानपणीचा चटका स्मरणात असूनही हे घडले. म्हणजे म्हण एकाच घरात दोनदा खोटी ठरली.

मग त्यास कळले ते केव्हा व कसे? १९३४ साली डेव्हिड डॉड याच्या साहाय्याने त्याने रोख्यांच्या पृथक्करणावर जो ग्रंथ लिहिला, त्यात याचे उत्तर आहे. वस्तूचे खरे मोल आणि आपण मोजलेली किंमत यांत एवढे अंतर राखावे की, आपला हिशेब चुकला तरी मुद्दल बुडू नये, हे त्याचे मुख्य तत्त्व. यात स्वतःच्या दुःखाचे गाऱ्हाणे नाही; दुसऱ्या कोणासही पडताळून पाहता येईल असा नियम आहे. सोसणे आणि समजणे यांच्यामध्ये विचाराची ही पायरी असते. ती गाळली, तर सोसणे वाया जाते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रोख्यांच्या परीक्षकांची रीतसर परीक्षा घेऊन त्यांस पदवी द्यावी, असे प्रतिपादन ग्रॅहमने १९४५ साली केले. आणि तशी पहिली परीक्षा १९६३ साली झाली. ज्याच्यापाशी सांगण्याजोगी आपत्ती होती, त्यानेच आपत्तीवर न विसंबता परीक्षा मागितली.

तर मग आपत्तीचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो ज्ञानाचा नसून लक्ष वेधण्याचा आहे. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ सालीच दाखवून दिले की, एकाच रकमेचे मोल सर्वांस सारखे नसते. वीस हजार किंवा शून्य, अशी समसमान शक्यता असलेली सोडत एखाद्या कंगालाने नऊ हजारांस विकली तर ते शहाणपण, आणि श्रीमंताने ती त्याच किमतीस घेतली तर तेही शहाणपणच. हे गणिताने सर्वांस समजते. परंतु ज्याने रिकामा डबा पाहिला आहे, त्यास ते समोरच्या माणसाकडे पाहताक्षणी आठवते. ‘हे गेले, तर मागे काय उरेल?’ हा प्रश्न तो आधी विचारतो.

मात्र याच गुणास लागून एक दोष येतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. आणि सल्लागार झाल्यावर तो दुसऱ्यांसही फुंकावयास लावतो. तीस वर्षांचा अवकाश असलेल्या तरुणास सर्व पैसा पेढीतच ठेवावयास सांगणे, ही सावधगिरी नव्हे. महागाई तो पैसा हळूहळू खात असते. स्वतःची भीती दुसऱ्याच्या खात्यात जमा करणे हाही अन्यायच होय. त्याहून वाईट म्हणजे आपल्या दुःखाच्या कथेचेच भांडवल करणे. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावले की त्याची चिकित्सा मंदावते, हे विक्रेत्यास पुरते ठाऊक असते.

आपल्याकडे सेबीने २०१३ साली केलेल्या व २०२० साली अधिक कडक केलेल्या नियमांत गुंतवणूक सल्लागाराकडून शिक्षण व परीक्षा यांची अपेक्षा आहे. ग्राहकाशी त्याने विश्वस्ताच्या नात्याने वागावे, आणि ज्यास सल्ला दिला त्याच्या गुंतवणुकीवर दलाली खाऊ नये, असे बंधन आहे. त्याने पूर्वी काय सोसले, हे तेथे विचारलेले नाही. आणि ते योग्यच आहे.

ग्रॅहमच्या चरित्रात अधिकाराची खरी खूण शोधावयाची, तर ती १९०७ मध्ये नाही. १९३२ नंतर आहे. लोकांचा तोटा भरून निघेपर्यंत नफ्यात वाटा घ्यावयाचा नाही, असा त्याचा करार होता. त्यामुळे तो व त्याचा भागीदार जेरोम न्यूमन यांनी कित्येक वर्षे तो निधी मोबदल्यावाचून सांभाळला. आपले जळले तेव्हा काय वाटले, हे कोणीही सांगू शकेल. दुसऱ्याचे जळले असता जो आपले ताट दूर सारून बसतो, त्याच्या हाती आपली पुंजी द्यावयास हरकत नाही.