दोन जुनी कार्डे आणि सरसपणाचा प्रश्न

एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड जुलै २०१६ मध्ये बाजारात आले आणि एएमडीचे आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये. नवे कार्ड परवडत नसले की गेम खेळणारे जुन्या मालात ही दोन शोधतात, आणि यातले सरस कोणते, असे विचारतात. प्रश्न खरेदीचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे: सरसपणा वस्तूत असतो, की वस्तू आणि तिचा वापर यांच्या संबंधात?

१०६० ला ६ जीबी मेमरी आहे आणि ते सुमारे १२० वॅट वीज घेते. ५८० ला ८ जीबीपर्यंत मेमरी मिळते आणि त्याला १८५ वॅट लागतात. १०६० चे १२८० कोअर आणि ५८० चे २३०४ कोअर समोरासमोर मांडण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही चिपची रचनाच वेगळी आहे. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही जवळपास बरोबरीने चालतात. डायरेक्टएक्स ११ वरच्या जुन्या गेममध्ये बहुधा १०६० पुढे असते, व्हल्कन आणि डायरेक्टएक्स १२ वर बऱ्याचदा ५८०.

जैन दर्शनाच्या अनेकान्तवादाने, म्हणजे एका वस्तूला अनेक अंगे असतात या मताने, अशा प्रश्नाची शिस्त फार पूर्वी घालून दिली. अनामिका करंगळीहून लांब आणि मधल्या बोटाहून आखूड असते, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. मात्र कशाच्या अपेक्षेने, ते सांगावे लागते. याचा अर्थ सगळीच मते सारखी, असा काढणे ही अनेकान्तवादाची विटंबना आहे. ८ जीबी ही ६ जीबीपेक्षा जास्तच. त्यात मतभेदाला जागा नाही. अपेक्षा जोडावी लागते ती ‘सरस’ या विशेषणाला.

त्याहून अवघड भाग पुढे आहे. १०६० चीच ३ जीबीची आवृत्ती ११५२ कोअरची आहे, आणि ५८० च्या नावाखाली २०४८ कोअरचीही कार्डे विकली जातात. म्हणजे नाव एक, वस्तू दोन. शिवाय ५८० ची असंख्य कार्डे इथेरियम या कूटचलनाच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबली. सप्टेंबर २०२२ मध्ये ते मायनिंग बंद पडल्यावर त्यांतली कित्येक जुन्या बाजारात आली. नैयायिकांनी जाती आणि व्यक्ती यांत भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. चाचण्यांचे आकडे जातीबद्दल बोलतात, हातात पडते ती व्यक्ती. पंख्याची बेअरिंग झिजलेले आणि थर्मल पेस्ट वाळलेले ५८० कागदावरच्या ५८० शी फारसे नाते सांगत नाही. म्हणून विक्रेत्यासमोर अर्धा तास एखादा जड गेम चालवून पाहणे, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा बळकट प्रमाण आहे.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने खरेपणाची कसोटीच कार्यक्षमतेत पाहिली: जे कार्य घडवते ते सत्. ही कसोटी या कार्डांना लावून पाहू. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा २०२४ चा गेम रे ट्रेसिंगचे हार्डवेअर मागतो. ते या दोघांकडे नाही, त्यामुळे त्या गेमपुरता दोघांतला सारा फरक शून्य होतो. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘जीटीए ५’ साठी मात्र दोन्ही पुरेशी आहेत.

उरतो गरजेचा विचार, आणि तो सोलापूरजवळच्या होटगी या गावात आणून पाहावा. रोज ४ तास खेळले तर ६५ वॅटचा फरक महिन्याला सुमारे ८ युनिटांचा होतो. होटगीजवळच फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. वीज कशी तयार होते, ते इथल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना ते जास्तीचे वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतात. होटगीच्या बृहन्मठामुळे वीरशैव परंपरा या गावाला जवळची आहे. बाराव्या शतकातल्या शरणांपैकी, म्हणजे त्या परंपरेच्या संतांपैकी, आयदक्की लक्कम्माने गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणणाऱ्या पतीला ते परत ठेवायला लावले, अशी कथा आहे. जास्त असणे म्हणजे चांगले असणे नव्हे, हे तिने घरातच ठरवले होते. हाच निकष कार्डाला लावणे योग्य आहे.

त्या निकषाने तापणारी खोली, लहान पॉवर सप्लाय आणि जुने गेम असतील तिथे ६ जीबीचे १०६० घ्यावे. भारी टेक्श्चरचे गेम खेळायचे असतील, कॅबिनेटमध्ये हवा खेळती असेल आणि कार्ड तपासून मिळत असेल, तर ८ जीबीचे ५८० घ्यावे. ज्याच्याकडे दोहोंपैकी एक आधीच चालू स्थितीत आहे, त्याने दुसऱ्यासाठी पैसे मोडण्याचे कारण नाही.