सहा म्हशींची गाडी

हरियाणातल्या रोहतक-हिसार पट्ट्यातून मुऱ्हा म्हशी ट्रकनं सांगली-कोल्हापूरकडे येतात. वाट दीड हजार किलोमीटरांहून जास्त. अशा म्हशी आणणारा एक मामा आणि पशुवैद्यक झालेली त्याची भाची यांचं हे बोलणं कल्पनेतलं आहे. त्यातला पेच मात्र खऱ्या दावणींवरचा आहे.

भाची : मामा, एका गाडीत किती म्हशी भरता?

मामा : दहा-बारा. सगळेच भरतात.

भाची : नियम सहाचा आहे, १९७८ पासून. जनावरामागं दोन चौरस मीटर जागा, पाय घसरू नये म्हणून तळाला काथ्याची चटई नाहीतर फळ्या, सोबत माणूस, निघण्याआधी डॉक्टरचा दाखला.

मामा : आणि गाडीचं भाडं सहांवर वाटलं की म्हैस कुणाला परवडते? ज्याचा ऊस आहे त्याला. माझं गिऱ्हाईक जत-आटपाडीकडचं, कर्ज काढून एक म्हैस घेणारी बाई. भाडं दुप्पट झालं की नियम पाळला जाईल, पण त्या बाईची दावण रिकामी राहील. शिवाय गच्च भरल्या की एकमेकींच्या आधारानं उभ्या राहतात, पडत नाहीत.

भाची : एखादी बसली की मग? तिला उठायला जागा नसते, बाकीच्या तिला तुडवतात. दुभत्या म्हशीची दोन वेळा धार काढावी लागते. गच्च गाडीत कासेपर्यंत हात कसा पोचणार? दूध तुंबतं, दगडी होते. मग जिच्यासाठी भाडं वाचवलं, तिच्याच पदरी सड गेलेली म्हैस पडते. भाडं वाचलं नाही, मामा. थोडं म्हशीनं अंगावर काढलं, उरलेलं त्या बाईनं.

मामा : पटतं. पण कायदा तरी ते कुठं मनावर घेतो? १९६०च्या कायद्यात जनावरांना क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एक म्हैस जादा चढवली तर त्याच्या कितीतरी पट सुटतात.

भाची : म्हणून तर तो हिशेब दंडावर सोडता येत नाही. तो तुम्हालाच करावा लागतो.

मामा : बरं. सहा म्हशी, तळाला चटई, वैरण-पाण्याला थांबे, वेळेवर धारा. एवढं केलं की मी सुटलो?

भाची : हाल कमी होतील. पण म्हशीनं एवढ्या लांब यायचंच का, हा प्रश्न उरतो. मुंबईत तो एकदा उभा राहिला होता. शहरातल्या तबेल्यांत बाहेरून उत्तमातल्या उत्तम म्हशी यायच्या. आटल्यावर त्यांना पुढच्या वेतापर्यंत पोसणं मालकाला परवडायचं नाही, त्या कत्तलखान्यात जायच्या. रेडकं त्याआधीच उपासानं मेलेली असायची. चांगली जनावरं अशी संपत होती. वर्गीस कुरियन आणि आणंदच्या सहकारी दूधवाल्यांनी वेगळी वाट दाखवली : म्हैस गावात राहू दे, दूध मुंबईला जाऊ दे. १९७०ची दूध महापूर योजना त्याच विचारावर उभी राहिली.

मामा : दूध टँकरनं जाईल. पण ज्याला दूध विकून जगायचंय, त्याला दारात जनावरच लागतं.

भाची : मग बीज येऊ दे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, तिथल्या माणसांनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधली रेताची कांडी कितीही लांबून आली तरी तिला तहान लागत नाही. इथलीच म्हैस भरवायची, रेडी इथंच जन्मेल.

मामा : आज भरवली तर दहा महिन्यांनी व्याणार. त्यातही निम्म्या वेळा रेडाच. रेडी झालीच, तर तिचं पहिलं वेत साडेतीन-चार वर्षांनी. म्हणजे तिचं दूध जवळजवळ पाच वर्षांनी, आणि कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यात. बाळ, ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्यालाच थांबता येतं. म्हशीच्या तीन-चार दिवसांच्या हालांपायी तू गरिबाची पाच वर्षं मागतेस.

भाची : त्या बाईकडून ती मागणं अन्यायच आहे. पण कुणीच ती दिली नाहीत तर पाच वर्षांनीही ट्रक असाच येईल. मला सांगा, ज्या गावांत तुम्ही मागं म्हशी दिल्या, तिथंच पुन्हा का द्याव्या लागतात? त्यांच्या रेड्या कुठं गेल्या?

मामा : दूध डेअरीला घालायचं म्हणून रेडकाला कमी पाजतात. बरीच दगावतात. जगली तरी बिनदुधाचं जनावर चार वर्षं कोण पोसणार?

भाची : खरी गाठ तिथं आहे. म्हैस विकत घ्यायला अनुदान मिळतं. तसाच पुरेसा आधार रेडी वाढवायला मिळाला, तर थांबण्याचं ओझं एकट्या बाईवर येणार नाही. आणि आपली पंढरपुरी म्हैस विसरू नका. कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात ते तिचंच. मुऱ्हापेक्षा कमी देते, पण इथल्या उन्हात, हलक्या वैरणीवर तग धरते.

मामा : तोवर मी धंदा बंद करू?

भाची : नको. सहाच आणा. जादा भाडं दूध संघाकडं मागा. त्या म्हशीच्या दुधावर संघही चालतो.

मामा : संघ नाही म्हणाला, आणि दुसऱ्या हेड्यानं बारा भरून स्वस्तात विकल्या तर?

भाची : तर तुमचं नुकसान होईल. ते मी नाकारत नाही. पण तो बारा भरतो, म्हणून तुमच्या गाडीतल्या म्हशीचे हाल कमी होतात का?

मामा : नाही होत. पण त्या बाईला स्वस्त म्हैस नाकारायचा हक्क मला कुणी दिला, हे अजून मला कळत नाही.

भाची : तो तुम्हाला नाहीच. म्हणून फरकाचे पैसे कुणी द्यायचे, हे संघाच्या सभेत विचारा. गोठ्यात विचारलं तर ते तिच्याच गळ्यात पडेल.

मामा : विचारतो. पण पुढच्या खेपेपासून म्हैस देताना एक अट घालतो. रेडी झाली तर ती जगवायची, आणि मी येऊन बघणार. त्याला सभेचा ठराव लागत नाही.