पाहुणचार कीं वेठ?

पालघरहून मनोरकडे जातांना वाघोबाची खिंड लागते. वाघोबाच्या ठाण्यापुढें वारली माणूस हात जोडून पुढें जातो. आम्ही शहरांतले लोक थांबतों तें काळदुर्गाची वाट विचारण्यापुरतें.

एका वैशाखांत अशेरीगडाच्या पायथ्याशीं आम्ही एका घरीं पाठपिशव्या टेकवल्या. घरच्या बाईनें न मागतांच पाण्याचा हंडा पुढें सरकवला. आम्ही पोटभर प्यालों, तोंडें धुतलीं, पायांवरही घेतलें! गड उतरतांना त्याच घरची मुलगी डोक्यावर दोन हंडे घेऊन दूरच्या विहिरीकडून येतांना दिसली, तेव्हां आपण काय सांडलें तें उमगलें. निघतांना नोट पुढें केली. "पाण्याचे कसले पैसे, भाऊ?" म्हणून बाईनें ती परतविली.

यजमानानें खुशीनें दिलें तर दोष कोठें, असें आमचे एक स्नेही विचारतात. पण खुशी ओळखावी कशी? गडावर आम्ही पोर्तुगीजांचें कोरीव राजचिन्ह निरखतों. चिमाजी आप्पांची मोहीम आठवतों. १७३९ सालीं तारापूरच्या वेढ्यांत बाजी भीवराव पडले, हें मुलांस सांगतों. पायथ्याच्या घराचा इतिहास मात्र आम्हीं कधीं विचारला नाहीं. याच जिल्ह्यांत, डहाणू-तलासरीच्या टापूंत, १९४५ सालीं वारल्यांनीं वेठीविरुद्ध उठाव केला. तोंवर जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणें हाच रिवाज होता. एका हंड्यास वेठ म्हणणें ही अतिशयोक्ति होय, हें आम्हांस मान्य आहे. त्या बाईस कोणी धमकाविलें नव्हतें. तथापि पांढरपेशास 'नाहीं' म्हणण्याची मुभाच ज्यांच्या आजोबा-पणजोबांस नव्हती, त्यांच्या 'हो' वर आम्हीं इतक्या निश्चिंतपणें विसंबावें काय?

दर ठरविला तर पाहुणचार जाऊन खाणावळ उरेल, असा दुसरा आक्षेप. खाणावळींत आम्हांस कांहीं उणें दिसत नाहीं. केळव्याच्या किनाऱ्यावर गृहिणी जेवणाचा दर सांगते, पाहुणा पैसे मोजतो. त्यानें तिची आपुलकी आटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. (कालवणाची चव तर नाहींच!) दर सांगणाऱ्यास 'आज जमणार नाहीं' असेंही सांगतां येतें, आमच्या मतें खरा लाभ तो हा.

पुढील खेपेस अशेरीच्या त्या घरीं गेलों, तेव्हां आधीं विहीर गांठली आणि दोन कळशा भरून आणल्या. शेजारणी हंसल्या, बाई ओशाळली, आणि घाईघाईनें आमच्या हातांतून कळशी तिनें काढून घेतली. तिला त्यांत सुख झालें कीं संकोच, तें आम्हांस विचारवलें नाहीं.