फसलेल्याचा दोष किती?



"लोभी माणसाला असेच व्हायला हवे," हे वाक्य आम्ही २००९ साली चर्चच्या पायऱ्यांवर ऐकले आणि खरे सांगायचे तर त्या वेळी आम्हीही मान डोलावली. विषय होता एका निवृत्त मास्तरांचा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीचे नाव वापरून कोणीतरी त्यांना ई-मेल पाठवला होता: आपल्या ई-मेल पत्त्याला पाच लाख पौंडांचे बक्षीस लागले आहे. मास्तरांनी तीन वेळा मिळून एक लाख दहा हजार रुपये भरले. बक्षीस आले नाही. बातमी मात्र दोन रविवारांत सगळीकडे झाली.

तिकीट काढलेच नाही तर बक्षीस लागेल कसे? हा प्रश्न मास्तरांनाही पडला होता. पण त्याचे उत्तर त्या पत्रात आधीच लिहिलेले होते: यात तिकीट नाही, जगभरातील ई-मेल पत्त्यांतून संगणकाने नावे काढली आहेत. संगणक काय करू शकतो आणि काय नाही हे मास्तरांना ठाऊक नव्हते. (आपल्यापैकी कितीजणांना आहे?) सणाच्या लकी ड्रॉचे तिकीट घेतले की त्याचा एक तुकडा आपल्याकडे राहतो. तो तुकडा ज्याच्याकडे नाही त्याला बक्षीस नाही, एवढे साधे गणित त्या 'संगणकाने' पुसून टाकले.

मग पैसे मागणे सुरू झाले. आधी कागदपत्रांचा खर्च म्हणून अठरा हजार. मग कस्टमसाठी चाळीस हजार. मग हा पैसा दहशतवाद्यांचा नाही असा दाखला हवा, त्याचे बावन्न हजार. खऱ्या लॉटरीत असे होत नाही. आपल्या देशात केरळ, महाराष्ट्र अशी काही राज्य सरकारे लॉटरी चालवत आली आहेत. तेथे कर बक्षिसाच्या रकमेतूनच कापला जातो. जिंकणाऱ्याने आधी पैसे भरायचे असतात असे कोणी सांगितले की तेथेच थांबावे. शिवाय परदेशी लॉटरीसाठी येथून पैसे पाठवायला परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनीच मनाई आहे. रिझर्व्ह बँकेने २०१० साली सर्व बँकांना परिपत्रक काढून याची आठवण दिली. सामान्य माणसाचे खाते रिझर्व्ह बँकेत नसतेच, त्यामुळे तिच्या नावाने आलेले 'तुमची रक्कम आमच्याकडे जमा आहे' हे पत्रही खोटेच.

ही मनाई ठकांनाही माहीत असते. म्हणून ते पैसे लंडनला पाठवायला सांगत नाहीत, येथल्याच एखाद्या बँकेतल्या खात्यात भरायला सांगतात. ते खाते कोणाचे? बहुधा चार पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरायला देणाऱ्या एखाद्या तरुणाचे. 'लोभ' हा कठोर शब्द वापरायचाच असेल तर तो येथे वापरावा असे आम्हाला वाटते. आमच्या घरच्या मुलांनी यावर लक्ष द्यावे.

आता मूळ प्रश्न. मास्तर लोभी होते का?

अशी पत्रे वाचून आपण हसतो. भाषा अशुद्ध, रकमा अफाट, कथा अशक्य. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली या पत्रांचा एक वेगळाच हिशेब मांडला. लाखो पत्रे पाठवायला काही खर्च नाही, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागायला ठकाचा वेळ जातो. शंका घेणारी माणसे त्याला नकोच असतात. म्हणून पत्र मुद्दाम असे लिहायचे की संशयी माणूस पहिल्याच ओळीला ते फेकून देईल. गाळणीत उरतील ते फक्त विश्वास ठेवणारे. म्हणजे ही गाळणी लोभी माणसे निवडते असे म्हणायला फारसा आधार नाही. लोभी आणि संशयी अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती तिच्यातून सहज निसटतात.

आणि अडाणीच फसतात असेही नाही. ब्राझीलमधील बांको नोरोएस्ते या बँकेच्या एका बड्या अधिकाऱ्याला १९९५ ते १९९८ या काळात नायजेरियातील ठकांनी अबुजा येथे नवा विमानतळ बांधायचा आहे असे सांगून फसवले. बँकेचे सुमारे २४ कोटी डॉलर बुडाले. विमानतळ कोठेच नव्हता.

तरीही मास्तरांचा काहीच दोष नाही असे म्हणून सुटता येणार नाही. ते स्वतःच तसे म्हणत नाहीत. पैसे त्यांना घराच्या छपरासाठी आणि मुलाच्या कर्जासाठी हवे होते. हेतू चांगला होता, पण पैसा न कमावलेला होता आणि तो आपल्याला का मिळावा हे त्यांनी स्वतःला विचारले नाही. पत्रात लिहिले होते, ही बातमी गुप्त ठेवा. त्यांनी ती पत्नीपासूनही लपवली. आम्ही त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तिसऱ्या वेळेला मला कळले होते हो. पण थांबलो तर आधीचे अठ्ठावन्न हजार गेले हे मान्य करावे लागले असते." आमच्या मते त्यांची चूक पहिल्या पत्रापेक्षा येथे जास्त आहे. आणि ती चूक आपण सगळेच करतो, फक्त प्रत्येक वेळी पैशांत नाही.

पण मग पायऱ्यांवरच्या हसण्याचे काय? यरीहोच्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाला दयाळू शोमरोनी, "तू या वाटेने एकटा का निघालास?" असे विचारत बसला नाही. आम्ही मात्र तेच विचारत होतो, तेही मास्तरांच्या पाठीमागे. त्याच वर्षी आपल्या धर्मग्रामातील आणखी एका बाईंना तसलेच पत्र आले. मास्तरांना विचारावे असे त्यांच्या मनात आले होते. पण त्यांचे काय झाले ते पाहून त्या गप्प राहिल्या आणि त्यांनी वीस हजार भरले. हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या वीस हजारांत आमच्या हसण्याचाही वाटा आहे.

आता ई-मेलऐवजी व्हॉट्सॲपवर 'कौन बनेगा करोडपती'च्या नावाने पंचवीस लाखांचे निरोप फिरतात. पद्धत तीच आहे. कोणी पैसे भरून बसले असेल तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. लवकर कळवले तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. मास्तरांच्या वेळी ही सोय नव्हती.

हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तो मास्तरांना वाचून दाखवला. नाव घालू नका, एवढेच ते म्हणाले. 'निवृत्त मास्तर' असे लिहिले तर चालेल का, असे आम्ही विचारले. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "लिहा. कोणाला तसले काही आले तर विचारायला कुठे यायचे ते कळेल."