ग्रहण, संक्रांत आणि श्रद्धा

७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण झाले. चंद्र सुमारे ८२ मिनिटे पृथ्वीच्या छायेत पूर्णपणे बुडालेला होता. स्पर्श आणि मोक्ष यांच्या वेळा पंचांगात कित्येक महिने आधीच छापलेल्या होत्या व त्या बरोबर उतरल्या. ज्या गणिताने त्या मिळतात, त्या गणितातील राहूला मुख नाही की दंत नाहीत. चंद्राची कक्षा व सूर्याचा भासमान मार्ग जेथे परस्परांस छेदतात, त्या बिंदूचे ते नाव आहे. तरीही त्याच पंचांगावरून घरोघर वेध पाळले गेले, स्नाने झाली, दाने दिली गेली. विज्ञान व श्रद्धा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न पाश्चात्त्य विद्येबरोबर आपल्याकडे आला असे आपण समजतो. वस्तुतः तो आपल्या घरात दीड सहस्र वर्षे वस्तीला आहे.

ग्रहणाचे कारण छाया होय, हे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितले. पुढे सहाव्या शतकात आपल्या अवंतीच्या वराहमिहिरानेही 'बृहत्संहिते'त राहूच्या ग्रासाची कल्पना स्पष्ट शब्दांत नाकारली. मग राहूचे काय करावे? वराहमिहिर म्हणतो की, ग्रहणकाळच्या दान-होमांत भाग मिळावा असा वर ब्रह्मदेवाने त्याला दिला, म्हणून तो त्या वेळी उपस्थित असतो. आकाशातील कारण गणिताकडे गेले आणि दानधर्म धर्माकडे राहिला. कोणी कोणावर आक्रमण केले नाही. ब्रह्मगुप्ताची वाट मात्र निराळी. त्याने इ. स. ६२८ मध्ये राहूस नाकारणाऱ्यांना श्रुतिस्मृतिविरोधी म्हणून फटकारले आणि स्वतःचे ग्रहणगणित छायेवरच मांडले! अल्बेरूनीला इ. स. १०३० च्या सुमारास याचे मोठे नवल वाटले. लोकभयाने तर तो असे लिहीत नसेल ना, अशी शंकाही त्याने घेतली. गणिती म्हणून ब्रह्मगुप्ताची योग्यता फार मोठी. परंतु या एका बाबतीत प्रस्तुत लेखकाचे मत वराहमिहिराच्या बाजूने आहे.

आज आपल्यात वराहमिहिर थोडे आणि निराळ्या प्रकारचे ब्रह्मगुप्त पुष्कळ झाले आहेत. ग्रहणात म्हणे विषारी किरण सुटतात, म्हणून आपल्या पूर्वजांनी 'शास्त्रीय' दृष्टीने उपवास सांगितला! चंद्रग्रहणात चंद्रावरचा प्रकाश कमी होतो, एवढेच घडते. नवा किरण कोठून येणार? श्रद्धेसाठी प्रयोगशाळेचा खोटा दाखला मिळविणे म्हणजे तिच्यावर आपलाच विश्वास नसल्याचे कबूल करणे होय. आणि असल्या दाखल्याचा भार शेवटी वाहतो कोण? त्या भाद्रपदी पौर्णिमेला दुपारी एकपासून रात्री दीडपर्यंत घरातील गर्भवती सून अन्नपाण्यावाचून एका जागी बसवून ठेवली गेली असेल, तर तिला ते व्रत म्हणता येईल काय? व्रत स्वतःच्या इच्छेने घ्यावयाचे असते. बालक, वृद्ध, रुग्ण व गर्भिणी यांना वेधांची सवलत तर आपली पंचांगेच छापीत आली आहेत. ती ओळ मात्र आपण वाचीत नाही.

संक्रांतीचा प्रश्न याहून बिकट आहे. सूर्य उत्तरेकडे वळतो २१ किंवा २२ डिसेंबरला. आपण मात्र उत्तरायणाचे पुण्य जोडतो १४ किंवा १५ जानेवारीला. अयनबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. परिणामी, स्वामी विवेकानंदांचा जन्म ज्या संक्रांतीला झाला, ती १८६३ साली १२ जानेवारीस आली होती. येथे राहूसारखी सोयीची तडजोड नाही, कारण चूक आपल्या संकल्पाच्या उच्चारातच आहे. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिने वर्षारंभ वसंतसंपाताशी जोडला आणि २२ मार्च १९५७ पासून ते राष्ट्रीय पंचांग सरकारी व्यवहारात आले. घरचा तिळगूळ जानेवारीतच राहिला.

तो तेथून हलवावा असे आम्ही म्हणणार नाही. सण हा केवळ सूर्याचा नसतो. माहेरवाशिणींचा आणि शेजाऱ्यांचाही असतो. परंतु 'परंपरा' म्हणून सुधारणेला विरोध करणाऱ्यांनी परंपरेकडे जरा नीट पाहावे. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचिले, ते गणित आकाशाशी जुळावे याच आग्रहाने.  पुढे त्या गणितातही अंतर पडू लागले तेव्हा केरोपंत छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ते पुन्हा आकाशाशी ताडून पाहिले, आणि लोकमान्यांसारख्या धर्माभिमानी पुरुषाने त्या सुधारणेचा कैवार घेतला. उज्जयिनीत जयसिंहाने बांधलेल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेर दरबाराने १९२३ च्या सुमारास केला, तोही देवकार्याइतक्याच आस्थेने.

त्या वेधशाळेत २२ डिसेंबरच्या दुपारी शंकूची सावली वर्षातील सर्वांत लांब पडते. मुलांना त्या दिवशी तेथे न्यावे, सावली दाखवावी आणि अयनचलन समजावून सांगावे. मग तीन आठवड्यांनी संक्रांतीला त्याच मुलांच्या हातावर तिळगूळ ठेवताना ती विचारतील, "आजोबा, सूर्य तर केव्हाच वळला ना?" त्यांना गप्प बसवू नये.