निर्माल्य आणि एका बालिकेचा प्रश्न

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना संस्थानच्या कार्यालयाकडून अनेक प्रश्नांची उत्तरे हवी असतात. भक्तनिवासात खोली मिळेल काय, अभिषेकाची वेळ कोणती, महाप्रसाद केव्हा सुरू होतो, ही उत्तरे आता मला तोंडपाठ झाली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडून चुकले. तो विचारणारी बालिका सहा-सात वर्षांची होती.

एक आजी घरचे आठवडाभराचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून घेऊन आल्या होत्या. नदीत सोडण्यासाठी ती पिशवी त्यांनी नातीच्या हाती दिली. "आमच्या बाई म्हणतात, नदीत पिशवी टाकायची नाही," नात म्हणाली. "अगं, हे देवाचं आहे. देवाच्या वस्तूला दोष नसतो," आजी उत्तरल्या. मुलगी कार्यालयाच्या खिडकीशी आली आणि तिने मलाच विचारले, "काका, खरं कोणाचं?" समोर पावतीसाठी रांग लागली होती. मी हसून म्हणालो, "आजींचं ऐकावं, बाळ." पिशवी नदीत गेली.

वडीलधाऱ्यांचा मान राखावा, याविषयी दुमत नाही. परंतु मुलाने सत्य विचारले असता त्यास मानाचे उत्तर देऊन वाटेला लावावे काय? त्या एका वाक्याने मी तिच्या बाईंना खोटे ठरविले, आणि खरे पाहता आजींनाही न्याय दिला नाही. कारण आजींचा भाव खोटा नव्हता. देवास वाहिलेले फूल पायदळी येऊ नये, म्हणून ते वाहत्या पाण्यात सोडण्याची रीत पडली. पूर्वी त्या निर्माल्यात फुले, तुळस, बेल, दूर्वा एवढेच असे. आता त्यासोबत हारांचा नायलॉनचा दोरा, तार, थर्माकोल, उदबत्तीच्या पुड्याचे वेष्टन असे सारेच जाते. नुसती फुलेसुद्धा फार झाली म्हणजे कुजताना पाण्यातील प्राणवायू कमी करतात आणि मासे गुदमरतात. काठाला लागलेली पिशवी गाय खाते. ती पचत नाही, बाहेरही पडत नाही, पोटात साचत राहते. गोग्रासासाठी श्रद्धेने पावती करणाऱ्या हातूनच हे घडावे, याचे वैषम्य वाटते. भाव तोच ठेवून रीत बदलता येते, इतके मी त्या दोघींना सांगू शकलो असतो. आजींनाही ते पटले असते.

मुलांना धाक घालणे सोपे असते. "पाप लागेल," असे म्हटले की चार-पाच वर्षांचे मूल लगेच ऐकते. पुढे त्याच्या ध्यानात येते की वडील गाडीतून बाटली बाहेर फेकतात आणि त्यांना काहीच होत नाही. त्या दिवशी धाकही जातो आणि त्याच्या आधारावर उभा असलेला नियमही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये 'मुकी फुले' नावाचे प्रकरण आहे. फुलांच्या चढाओढीत कळ्याच तोडून आणणाऱ्या श्यामला आई समजावते ती कळीच्या बाजूने. मूल दुसऱ्याच्या जागी उभे राहू शकते, हा विश्वास त्यामागे आहे. मासा, गाय, दारातील तुळस यांची ओळख करून द्यावी. नियम त्या ओळखीमागून येतो.

दुसरीही एक गोष्ट मनास टोचते. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. शाळांतून मुले फलक रंगवितात, प्रभातफेऱ्या काढतात. हे स्तुत्यच आहे. तथापि मोठ्यांनी बिघडविलेले निस्तरण्याचे ओझे आपण लहानांच्या खांद्यावर टाकीत तर नाही ना? गळणारा नळ बंद करावा, हे मुलास शिकवावे. परंतु त्या नळाची झिजलेली चकती बदलण्याचे काम वडिलांचेच. घरी माझ्या नातवाने मला हे एकदा दाखवून दिले होते. तो नळ मी पुढच्या रविवारी दुरुस्त केला. तोवर मी त्याखाली बादली ठेवून समाधान मानीत होतो, हेही कबूल केले पाहिजे.

मंदिरामागे आता निर्माल्यकुंड बांधले आहे. निर्माल्य त्यात रिते करावे, दोरा व तार शेजारच्या डब्यात टाकावी, पिशवी घरी परत न्यावी. सुकलेली पाने व माती यांचे थर देऊन, अधूनमधून पाणी शिंपडून आणि वर-खाली करून काही महिन्यांत त्याचे खत होते. ते मंदिराच्या बागेतील झाडांना घातले जाते. मुलांनी ओंजळीत घेऊन हुंगून पाहावे. त्याला मातीचा वास येतो, कुजका येत नाही.

कुंडाचा कठडा प्रथम मोठ्यांच्या कमरेएवढा बांधला गेला होता. मुलांना आत डोकावता येईना, म्हणून त्यालगत दगडाची एक पायरी नंतर बसवून घेतली आहे. निर्माल्य मुलांच्या हातून टाकवावे आणि त्यांनी काही विचारल्यास कार्यालयात पाठवावे. खिडकीपुढे रांग असली तरी चालेल.